आंत्रावरोधाची विरळ कारणे

सुश्रुतसंहितेत उदररोगांची चर्चा करताना ‘बद्धगुदोदर’ नावाच्या एका विकाराचे वर्णन आले आहे. आतड्याला चिकटून राहणारे अन्न, केस अथवा खडे यांमुळे आतड्याचा मार्ग बंद होतो, मल आणि वायू अडून राहतात, पोट फुगत जाते आणि अखेरीस रोग्याला मळाच्या वासाची ओकारी होऊ लागते, असे त्या विकाराचे स्वरूप सांगितलेले आहे. त्यावरील उपायही धाडसी आहे. नाभीच्या खाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून पोट उघडावे, आतडी बाहेर काढून निरखावीत, अडथळा करणारा खडा, केस किंवा मळाचा गोळा काढून टाकावा, आतड्यांना मध व तूप लावून ती जागच्या जागी ठेवावीत आणि पोटाची जखम शिवावी.

आजच्या वाचकाला या वर्णनातील दोन गोष्टी विशेष वाटतील. पहिली ही की, फुगलेल्या पोटावर केवळ औषध न देता अडथळा कोठे आहे व कशाचा आहे याचा प्रत्यक्ष शोध घ्यावा, हा विचार त्यात आहे. दुसरी ही की, केस आणि खडे ही त्यात दिलेली कारणे आज विरळ मानली जात असली तरी ती काल्पनिक नाहीत. शस्त्रक्रियागृहात ती आजही अधूनमधून समोर येतात. प्रस्तुत प्रकरणात प्रौढ माणसांतील आंत्रावरोधाच्या अशाच काही विरळ कारणांचा परिचय करून द्यावयाचा आहे.

आतड्याचा मार्ग

जठराच्या शेवटापासून गुदद्वारापर्यंतचा आतड्याचा मार्ग सुमारे साडेसात मीटर लांबीचा असतो. त्यापैकी सुमारे सहा मीटर लहान आतडे असून उरलेले मोठे आतडे होय. लहान आतड्याच्या आरंभीच्या भागास ग्रहणी, मधल्या भागास रिक्तांत्र आणि अखेरच्या भागास शेषांत्र म्हणतात. शेषांत्र पोटाच्या उजव्या बाजूस खाली मोठ्या आतड्याला मिळते. या संपूर्ण नळीच्या भित्तीत स्नायूंचे दोन थर असतात. त्यांच्या लहरीसारख्या आकुंचनाने अन्न पुढे ढकलले जाते. या हालचालीस क्रमसंकोच म्हणतात.

या नळीतून केवळ अन्नच वाहते असे नाही. लाळ, जठररस, पित्त, अग्निपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव, तसेच आपण प्यालेले पाणी असे मिळून दररोज सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव तीत येतो. त्यातील बहुतेक सर्व द्रव आतडी पुन्हा शोषून घेतात. मळावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडते. आंत्रावरोध इतका घातक का ठरतो, हे समजण्यासाठी हा हिशेब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मार्ग बंद झाल्यावर

अडथळ्याच्या वरच्या भागात द्रव आणि वायू साठू लागतात. ताणल्या गेलेल्या आतड्याची शोषणशक्ती घटते आणि त्यातून स्राव मात्र अधिकच होतो. आतडे अडथळ्यावर मात करण्यासाठी जोराने आकुंचन पावते. त्यामुळे पोटात थांबून थांबून कळा येतात. उलट्या सुरू होतात. पोट फुगते. शौचास होणे आणि वायू सरणे बंद होते. या चार लक्षणांच्या समूहावरून अवरोधाचा संशय घेतला जातो. अडथळा वरच्या भागात असेल तर उलट्या लवकर येतात आणि पोट फारसे फुगत नाही. तो खालच्या भागात असेल तर पोट प्रथम फुगते व उलट्या उशिरा होतात.

शरीरातील कित्येक लिटर पाणी व क्षार अशा रीतीने आतड्यात अडकून किंवा उलटीवाटे नष्ट होतात. रोग्याची नाडी जलद व क्षीण होते, जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते. अमेरिकेतील हार्टवेल आणि होगे या दोन शल्यविशारदांनी 1912 मध्ये प्रयोगांती दाखवून दिले की, आंत्रावरोध झालेल्या कुत्र्यांना मिठाचे पाणी टोचत राहिल्यास ती कितीतरी अधिक काळ जगतात. अडलेल्या आतड्यात एखादे गूढ विष तयार होते, या तत्कालीन समजुतीस त्यामुळे धक्का बसला आणि शिरेवाटे द्रव देण्याच्या उपचाराचा पाया घातला गेला. पुढे 1930 नंतरच्या दशकात ओवेन वांगेनस्टीन यांनी नाकातून जठरात नळी घालून साठलेला द्रव शोषून काढण्याची पद्धत रूढ केली. या दोन साध्या उपायांनी असंख्य प्राण वाचले आहेत.

परंतु याहून भयंकर असा एक प्रकार आहे. आतडे ज्या पडद्याने पोटाच्या मागील भित्तीस टांगलेले असते त्यास आंत्रबंध म्हणतात. आतड्याला रक्त पुरविणाऱ्या सर्व वाहिन्या त्यातूनच येतात. आतड्याचा वेटोळा एखाद्या फटीत आवळला गेला किंवा त्यास पीळ पडला की या वाहिन्याही दाबल्या जातात. मग काही तासांतच तेवढे आतडे काळवंडते, त्यात कोथ होतो आणि ते फुटून पोटात विषार पसरतो. थांबून थांबून येणारी कळ सततच्या तीव्र वेदनेत बदलली, ताप आला किंवा पोट हाताला कठीण लागू लागले, तर या अवस्थेची शंका घेतलीच पाहिजे.

नेहमीची कारणे आणि एक अडचण

प्रौढांतील लहान आतड्याच्या अवरोधाची सर्वपरिचित कारणे मोजकीच आहेत. पोटावर पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांमध्ये निर्माण होणारे चिकट पट्टे, जांघेत किंवा नाभीजवळ उतरलेला अंतर्गळ आणि अर्बुदे ही त्यांतील प्रमुख होत. भारतात यांच्या जोडीला आतड्याचा क्षयरोग येतो. त्यामुळे शेषांत्राचा शेवटचा भाग आक्रसून अरुंद होतो. मोठ्या आतड्याच्या बाबतीत कर्करोग हे मुख्य कारण आहे. आपल्या देशाच्या अनेक भागांत डावीकडील आतड्याच्या लांब वेटोळ्यास पीळ पडणे हेही नित्याचे आहे.

म्हणून पोट दुखून फुगलेला रोगी समोर आला की, अनुभवी वैद्य प्रथम दोन गोष्टी पाहतो : पोटावर जुना व्रण आहे काय, आणि जांघेत गाठ आहे काय. बहुधा उत्तर तेथेच सापडते. पण कधीकधी पोटावर एकही ओरखडा नसतो, गाठही नसते, आणि तरीही आतडे बंद झालेले असते. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, अवरोध नसून साधे अपचन आहे असे समजून वाट पाहत राहणे. दुसरी, अवरोध ओळखूनही तो आपोआप सुटेल अशी आशा धरणे. शस्त्रक्रियेनंतरच्या चिकट पट्ट्यांमुळे झालेला अवरोध पुष्कळदा नळी घालून व शिरेवाटे द्रव देऊन सुटतो. पुढे वर्णिलेल्या कारणांपैकी बरीचशी मात्र अशी सुटत नाहीत. विरळ कारणांची माहिती असण्याचे महत्त्व यातच आहे.

पित्ताशयातून आलेला खडा

पित्ताशयातील खडे ही सामान्य गोष्ट आहे. परंतु एखादा मोठा खडा वर्षानुवर्षे पित्ताशयाच्या भित्तीवर दाब देत राहतो. सूज येऊन पित्ताशय शेजारच्या ग्रहणीला चिकटते, दोहोंमधील भित्ती झिजते आणि त्यांच्यात थेट मार्ग तयार होतो. त्या मार्गाने खडा आतड्यात उतरतो. लहान खडे मळावाटे निघून जातात. सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा मात्र शेषांत्राच्या अरुंद टोकाशी अडकतो. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ टॉमस बार्थोलिन यांनी 1654 मध्ये या प्रकाराचे वर्णन केले होते.

हा विकार बहुधा वृद्ध स्त्रियांत आढळतो. त्याची गती फसवी असते. खडा थोडा अडकतो, सुटतो, पुढे सरकून पुन्हा अडकतो. त्यामुळे कळा येतात आणि जातात, व रोगी दवाखान्यात येईपर्यंत कित्येक दिवस निघून जातात. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ लिओ रिग्लर यांनी 1941 मध्ये त्याच्या निदानाच्या तीन खुणा एकत्र मांडल्या : फुगलेली आतडी, पित्तनलिकांत शिरलेली हवा आणि भलत्याच जागी दिसणारा खडा. पित्तनलिकांत एरवी हवा नसते. ती आतड्यातून तेथे शिरते, म्हणजेच पित्ताशय आणि आतडे यांमध्ये वाट पडलेली असते. उपचार म्हणजे आतडे उघडून खडा काढणे. रोगी वृद्ध आणि अशक्त असल्यामुळे पित्ताशयाची दुरुस्ती त्याच वेळी करावी की पुढे ढकलावी, हा निर्णय शल्यविशारदास प्रसंग पाहून घ्यावा लागतो.

केसांचे आणि फळांचे गोळे

शेळ्या आणि हरणे यांच्या पोटात केस, तंतू व क्षार यांचे टणक गोळे तयार होतात. विषावरील उतारा म्हणून त्यांना एकेकाळी सोन्याचे मोल होते. फारसीत त्यांना ‘पादजहर’ म्हणजे विषनिवारक म्हणत. मराठीतील ‘जहरमोहरा’ हा शब्द त्याच समजुतीचा वारसा सांगतो. सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइट धर्मसंघात असे खडे कृत्रिम रीतीने तयार केले जात, आणि ‘गोव्याचे खडे’ या नावाने ते सोन्याच्या जाळीदार डब्यांतून युरोपात जात. फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाझ पारे यांनी मात्र सोळाव्या शतकातच या समजुतीचा फोलपणा दाखवून दिला होता. मृत्युदंड झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि त्यापाठोपाठ असा खडा देण्यात आला. काही तासांत तो यातना भोगून मरण पावला.

माणसाच्या पोटातही असे गोळे होतात. त्यांतील अधिक आढळणारा प्रकार वनस्पतिजन्य तंतूंचा आहे. टेंभुर्णीच्या कुळातील जपानी फळाच्या सालीत व कच्च्या गरात जे तुरट द्रव्य असते ते जठरातील आम्लाशी संयोग पावून गोंदासारखे घट्ट होते. संत्र्याच्या फोडी न चावता सालींसह गिळल्यानेही गोळा होऊ शकतो. दात नसलेली वृद्ध माणसे आणि जठराचा काही भाग काढून टाकलेले किंवा मधुमेहामुळे जठराची गती मंदावलेले रोगी यांना हा धोका विशेष असतो, कारण त्यांचे अन्न पुरेसे दळले जात नाही. जठरातील गोळ्याचा तुकडा सुटून लहान आतड्यात उतरला की मार्ग बंद होतो.

केसांचा गोळा बहुधा तरुण मुलींमध्ये आढळतो. स्वतःचे केस उपटून खाण्याची सवय हा मनोविकाराचा भाग असतो आणि तो लाजेपोटी लपविला जातो. केस पचत नाहीत व गुळगुळीत असल्यामुळे पुढेही सरकत नाहीत. ते जठराच्या वळ्यांत अडकून एकमेकांत गुंततात आणि त्यांचा जठराच्याच आकाराचा काळा गोळा बनतो. कधी त्याची वेणीसारखी शेपटी लहान आतड्यात दूरवर पसरते. 1968 मध्ये प्रथम वर्णिलेल्या या अवस्थेस जर्मन परीकथेतील लांब केसांच्या रापुंझेल या मुलीचे नाव देण्यात आले. शस्त्रक्रियेने गोळा निघतो, पण सवय निघत नाही. मानसोपचाराची जोड न दिल्यास काही वर्षांनी तीच मुलगी तशीच तक्रार घेऊन परत येण्याचा संभव असतो.

आतड्यात शिरलेले आतडे

सदऱ्याची बाही उलटी करताना तिचा एक भाग दुसऱ्यात शिरावा, तसा कधी आतड्याचा वरचा भाग खालच्या भागात शिरतो. तान्ह्या मुलांत हा विकार सुपरिचित आहे आणि बहुधा त्यास दृश्य कारण नसते. एकूण रोग्यांपैकी प्रौढ सुमारे पाच टक्केच असतात. परंतु त्यांच्या बाबतीत एक महत्त्वाचा भेद आहे. प्रौढांमध्ये बहुसंख्य प्रसंगी आतड्यात एखादी गाठ असते. क्रमसंकोचाची लहर त्या गाठीस अन्नाचा घास समजून पुढे ढकलते आणि गाठीबरोबर आतड्याची भित्तीही ओढली जाते. लहान आतड्यात ही गाठ पुष्कळदा चरबीची किंवा देठाची, म्हणजे निरुपद्रवी असते. मोठ्या आतड्यात मात्र ती कर्करोगाची असण्याचा संभव मोठा असतो. म्हणूनच मुलांप्रमाणे हवेच्या अथवा द्रवाच्या दाबाने आतडे सोडविण्यावर प्रौढांत विसंबून राहता येत नाही. बहुधा तेवढा भाग काढून तपासावा लागतो.

जन्मजात राहून गेलेला एक अवशेषही अशा अवरोधास कारण होतो. गर्भावस्थेत आतडे आणि नाभी यांना जोडणारी एक नलिका असते. ती जन्मापूर्वी नाहीशी व्हावयास हवी. सुमारे दोन टक्के लोकांत तिचे मूळ शेषांत्रावर एका लहानशा पिशवीच्या रूपाने टिकून राहते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीड्रिख मेकेल यांनी 1809 मध्ये तिचा उगम स्पष्ट केला. बहुतेकांना आपल्याला ती आहे हे आयुष्यभर कळतही नाही. पण कधी ती आत वळून आतड्यात शिरते, तर कधी तिच्यापासून नाभीपर्यंत राहिलेल्या दोरीसारख्या पट्ट्याभोवती आतड्यास पीळ पडतो.

पोटातील फटी

गर्भाच्या वाढीत सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी नाळेत उतरतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परततात. परतताना ती वळत वळत आपापल्या जागी बसतात व मागील भित्तीस चिकटतात. या क्रमात चूक झाली तर पडद्यांत कप्पे राहून जातात. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी एखाद्या दिवशी आतड्याचा मोठा भाग त्या कप्प्यात सरकतो. यास अंतःस्थ अंतर्गळ म्हणता येईल. ग्रहणीच्या शेजारचा, विशेषतः डाव्या बाजूचा प्रकार त्यात अधिक आढळतो. बाहेरून गाठ दिसत नाही, आणि आतडे कप्प्यातून निसटताच वेदना थांबते. त्यामुळे अशा माणसांना ‘जेवणानंतर पोट दुखण्याची जुनी खोड’ आहे असेच घरचे लोक समजत असतात.

आधुनिक काळाने या फटींत एक भर घातली आहे. अतिस्थूलतेवर उपाय म्हणून जठराला वळसा घालून आतडे वर जोडण्याच्या शस्त्रक्रिया आता मोठ्या प्रमाणावर होतात. त्यात आंत्रबंधामध्ये नव्या फटी तयार होतात. अशा एका फटीतून होणाऱ्या अंतर्गळाचे वर्णन वाल्टर पीटर्सेन या जर्मन शल्यविशारदांनी 1900 मध्येच केले होते. त्या काळी हा प्रकार क्वचितच दिसे. वजन वेगाने उतरू लागले की पडद्यांतील चरबी कमी होऊन फट रुंदावते. म्हणून शस्त्रक्रिया करतानाच त्या शिवून टाकण्याची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी अवलंबिली जाते. अशी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने पोटदुखीकडे काही वर्षांनंतरही दुर्लक्ष करता कामा नये.

श्रोणीच्या अस्थीत दोन्ही बाजूंस एकेक मोठे रंध्र असते. ते पडद्याने झाकलेले असून एका कोपऱ्यातील अरुंद मार्गाने रक्तवाहिन्या व एक मज्जातंतू मांडीकडे जातात. एरवी तेथील चरबी ही वाट बुजवून ठेवते. अनेक बाळंतपणे झालेल्या कृश, वृद्ध स्त्रीमध्ये ही चरबी झिजते आणि आतडे त्या वाटेत शिरते. स्नायूंच्या आड असल्यामुळे गाठ हाताला लागत नाही. मात्र त्या मज्जातंतूवर दाब पडून मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते. हाउशिप व रोमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खूण प्रत्येक रोग्यात आढळत नाही. आढळते तेव्हाही पुष्कळदा ती संधिवाताची समजून दुर्लक्षिली जाते. पोटाच्या कळा आणि गुडघ्याचे दुखणे यांचा संबंध असेल, असे रोग्याच्या मनात येत नाही व तो ते सांगतही नाही. विचारले तरच ते कळते.

बाहेरून येणारा दाब

कधी आतड्याच्या आत काहीही नसते आणि अडथळा बाहेरून आलेला असतो. पाठीच्या कण्यासमोरून जाणाऱ्या महारोहिणीपासून आतड्यास रक्त पुरविणारी एक मोठी रोहिणी कोन करून पुढे निघते. त्या कोनातून ग्रहणी आडवी जाते. कोनात चरबीची गादी असते. दीर्घ आजार, भाजणे, अन्नत्यागाचा मनोविकार अशा कारणांनी वजन झपाट्याने घटले की ती गादी नाहीशी होते, कोन अरुंद होतो आणि दोन वाहिन्यांच्या चिमट्यात ग्रहणी सापडते. ब्रिटिश शल्यविशारद विल्की यांनी 1927 मध्ये अशा 75 रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. या रोग्यांना जेवल्यावर उलट्या होतात आणि पालथे किंवा डाव्या कुशीवर निजल्यास बरे वाटते. येथे एक दुष्टचक्र असते. खाता येत नाही म्हणून वजन घटते आणि वजन घटते म्हणून खाता येत नाही. अडथळ्यापलीकडे नळी पोहोचवून अन्न दिल्यास पुष्कळांचे वजन वाढते आणि शस्त्रक्रियेवाचून मार्ग मोकळा होतो.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे संपूर्ण लहान आतड्यावर पांढऱ्या, जाड पापुद्र्याचे वेष्टण चढणे. पोट उघडल्यावर रेशमाच्या किड्याचा कोश असावा तशी गुंडाळलेली आतडी दिसतात. 1907 मध्ये याचे वर्णन झाले होते. 1978 मध्ये सिंगापूर येथील शल्यविशारदांनी किशोरवयीन मुलींत आढळलेल्या या अवस्थेस उदरातील ‘कोश’ हे नाव दिले. काही रोग्यांत कारण सापडत नाही. इतरांत क्षयरोग किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे पोटाच्या पोकळीत द्रव सोडून दीर्घकाळ केलेले रक्तशोधन हे कारण असते. हृदयविकारावरील प्रॅक्टोलॉल या औषधानेही असाच परिणाम होतो असे 1970 नंतरच्या काही वर्षांत दिसून आले आणि ते वापरातून गेले. भारतात अशा रोग्याच्या बाबतीत क्षयरोगाची तपासणी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती कधी आतड्याच्या भित्तीवर वाढते. दर महिन्याला तीत सूज व रक्तस्राव होऊन हळूहळू व्रण धरतो आणि आतडे आक्रसते. मासिक पाळीबरोबर येणारी व जाणारी पोटदुखी ही तिची खूण होय. घरोघरी ती सोसावयाची गोष्ट मानली जाते आणि म्हणून वैद्यापर्यंत पोहोचतच नाही.

अडथळ्यावाचून अवरोध

ब्रिटिश शल्यविशारद सर हेनिएज ओगिल्व्ही यांनी 1948 मध्ये दोन रोग्यांचे वृत्त प्रसिद्ध केले. दोघांची मोठी आतडी फुगली होती, परंतु त्यांत अडथळा नव्हता. आतड्याची हालचाल नियंत्रित करणाऱ्या मज्जातंतूंवर कर्करोगाने आक्रमण केले होते. कर्करोगाचा संबंध नसतानाही अशी अवस्था येते हे पुढे स्पष्ट झाले. खुब्याच्या अस्थिभंगानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा गंभीर आजारात अंथरुणास खिळलेल्या वृद्धांत ती आढळते. आतड्याचा उजवीकडील आरंभीचा भाग सुमारे बारा सेंटिमीटरपेक्षा अधिक फुगला तर तो फुटण्याचा धोका असतो. येथे शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. क्षारांचे प्रमाण सुधारणे, आतड्याची गती मंदावणारी औषधे थांबविणे व गुदमार्गे वायू बाहेर काढणे यांवर भर दिला जातो. निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर चाचणीत सिद्ध झाला. खरा अडथळा नाही याची खात्री करूनच ते द्यावयाचे असते. कारणाप्रमाणे उपचार कसा उलटा फिरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

निदान आणि वेळ

1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर फुगलेल्या आतड्यांची छाया पाहता येऊ लागली. 1970 नंतरच्या दशकात संगणकीय छेदचित्रण म्हणजे सी. टी. स्कॅन आले, आणि पूर्वी पोट उघडल्यावरच कळणाऱ्या कितीतरी गोष्टी आधी दिसू लागल्या. पित्तनलिकेतील हवा, एकात एक शिरलेल्या आतड्याची वर्तुळे, श्रोणीच्या रंध्रातील वेटोळा, कोशाचे वेष्टण, ही सर्व त्या चित्रात ओळखता येतात. तरीही यंत्राकडे रोगी कधी जाईल, हे यंत्र ठरवीत नाही.

वर आलेल्या कारणांकडे पुन्हा पाहिल्यास असे दिसेल की, त्यांतील बहुतेकांची खूण रोग्याच्या स्वतःच्या हकिगतीत असते. अलीकडे उतरलेले वजन, गुडघ्याकडे जाणारी कळ, पाळीबरोबर येणारी वेदना, पूर्वीची जठराची शस्त्रक्रिया, केस खाण्याची सवय, वर्षानुवर्षे जेवणानंतर येणारी व आपोआप थांबणारी कळ यांपैकी कोणतीही गोष्ट तपासणाऱ्याला योग्य दिशेस नेऊ शकते. सांगणारा लाजेने किंवा क्षुल्लक समजून ती गाळतो आणि घाईत असलेला वैद्य विचारीत नाही, तेव्हा मौल्यवान तास निघून जातात.

सामान्य वाचकाला या सर्व विकारांची नावे लक्षात ठेवण्याची आवश्यकता नाही. परंतु एक गोष्ट त्याने विसरू नये. पोटात थांबून थांबून कळा येत आहेत, उलट्या होत आहेत, पोट फुगले आहे आणि वायूही सरत नाही, अशा वेळी ‘पोट साफ होईल’ म्हणून एरंडेल किंवा दुसरे रेचक देणे अत्यंत धोक्याचे आहे. बंद नळीत जोर लावला तर ती फुटण्याचाच संभव. पोट चोळणे, शेकणे, घरी बस्ती देणे यांनीही केवळ वेळ जातो. तोंडावाटे काहीही न देता रोग्यास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पोटावर व्रण नाही आणि जांघेत गाठ नाही, एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. आणि तेथे पोहोचल्यावर, विचारो वा न विचारो, रोग्याची सगळी हकिगत सांगावी.